जॉकीला शिक्षा झाली, मग निकाल का बदलला नाही? एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

घोड्यांच्या रेसवर देखरेख ठेवणाऱ्या पंचांच्या, म्हणजे स्टुअर्ड्सच्या, निर्णयांविरुद्ध अपील लढवणं हे आमचं काम. तुमच्या घोड्याच्या रेसबाबत आमच्या कामाला तुम्ही एक तारा देऊन तीन तक्रारी मांडल्या आहेत. रेसची फिल्म बघायची फी घेतली आणि वर अपील करू नका म्हणून सांगितलं. समोरच्या जॉकीला निलंबित केलेलं असूनही निकाल तसाच कसा, ते धड समजावलं नाही. आणि आम्ही स्टुअर्ड्सना घाबरतो. रेसचा तपशील तुम्ही स्वतःच लिहिला आहे, म्हणून तेवढ्यावरच बोलतो. आपल्यात झालेलं बाकीचं बोलणं इथे आणणार नाही.

तुमच्या घोड्याला शेवटच्या वळणानंतर आडवं कापलं गेलं, यात वाद नाही. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये ते स्वच्छ दिसतं. स्टुअर्ड्सनीही ते मानलं, म्हणून तर जॉकीवर कारवाई झाली. पण जॉकीची शिक्षा आणि घोड्याचा नंबर हे दोन वेगळे हिशेब आहेत. जॉकीबाबत प्रश्न असतो तो निष्काळजीपणे चालवत होता का, हा. नंबरबाबत प्रश्न असतो तो असा: हा अडथळा आलाच नसता, तर तुमचा घोडा अडथळा आणणाऱ्या घोड्याच्या पुढे आला असता का? तशी खात्री पटली नाही तर निकाल कायम राहतो. (जॉकीनं धोकादायक रीतीनं चालवलं असं ठरलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा घोडाच बाद होतो. तुमच्या रेसमध्ये तसा आरोप तुमच्या जॉकीनंही केला नव्हता.)

आता फिल्मकडे या. धक्का बसला तेव्हा तुमचा घोडा त्या घोड्याच्या एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) मागे होता. जॉकीला लगाम खेचावा लागला, लय मोडली, आमच्या अंदाजानं अर्धी ते पाऊण लेंग्थ गेली. घोडे पूर्ण वेगात सेकंदाला पाच-सहा लेंग्थ कापतात, म्हणजे नुकसान सेकंदाच्या एक-दोन दशांशाचं. त्यानंतर पोस्टपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेषेपर्यंत, जवळजवळ दोन फर्लांग, म्हणजे चारशे मीटर, समोर मोकळी वाट होती. घोडा सावरला, जॉकीनं जोर लावला, तरी अंतर घटलं नाही. वाढत वाढत ते सव्वादोन लेंग्थवर गेलं. गेलेली पाऊण लेंग्थ परत दिली तरी तुम्ही दीड लेंग्थ मागेच राहता. अपील मंडळ पहिला प्रश्न हाच विचारणार होतं, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हाच धक्का शेवटच्या पन्नास मीटरमध्ये बसला असता आणि अंतर मानेएवढं असतं, तर त्याच संध्याकाळी आम्ही अर्ज लिहायला घेतला असता.

तुम्ही २०१९ च्या केंटकी डर्बीचा, अमेरिकेतल्या मोठ्या रेसचा, दाखला दिला आहे. तिथे पहिल्या आलेल्या मॅक्झिमम सिक्युरिटीला थेट सतराव्या नंबरवर ढकललं आणि कंट्री हाऊस विजेता ठरला, हे खरं. पण अमेरिकेचा नियम वेगळा आहे. तिथे ज्या घोड्याचं नुकसान झालं त्याला आणखी वरचा नंबर मिळण्याची संधी गेली का, एवढं पाहतात, आणि दोषी घोडा त्याच्या मागे टाकतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणी, २०१३ पासून जपानमध्ये आणि २०१८ पासून फ्रान्समध्ये वर सांगितलेलाच निकष चालतो. तुमची रेसही त्याच निकषाखाली झाली. शिवाय त्या डर्बीच्या मालकांच्या अपिलाचं पुढे काय झालं, तेही तुम्ही लिहायला हवं होतं. स्टुअर्ड्सच्या या निर्णयावर अपीलच नाही म्हणून तिथल्या रेसिंग आयोगानं ते नाकारलं, फेडरल न्यायालयानं दावा फेटाळला आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयानंही तेच कायम केलं.

अपील जिंकता येतं, हेही सांगतो. इंग्लंडमधल्या २०१५ च्या सेंट लेजर रेसमध्ये सिम्पल व्हर्स ही फिली (तरुण घोडी) आधी पोस्टवर पोहोचली, तरी डॉन्कास्टरच्या स्टुअर्ड्सनी रेस बाँडी बीचला दिली. अपिलात तो निर्णय फिरला आणि तिला विजेतेपद परत मिळालं. दोन घोड्यांत फक्त डोक्याएवढं अंतर होतं आणि धक्काबुक्कीही झाली होती, तरीही धक्का नसता तर बाँडी बीच जिंकलाच असता हे मंडळाला पटलं नाही. डोक्याएवढ्या अंतरावर जिथे पटलं नाही, तिथे सव्वादोन लेंग्थवर कसं पटवणार होतो?

घाबरण्याबद्दल एकच सांगतो. स्टुअर्ड्सच्या निर्णयांविरुद्ध उभं राहण्यावरच आमचं पोट चालतं. अपील लावलं असतं तर आम्हाला बघण्याच्या फीच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते. बहुतेक ठिकाणी अपिलासोबत अनामत भरावी लागते, आणि अपील बिनबुडाचं ठरलं तर ती जाऊ शकते. ती तुमची गेली असती. बघण्याची फी आधी सांगूनच घेतली होती आणि ती परत करणार नाही. काम झालं आहे, फक्त उत्तर तुम्हाला हवं तसं आलं नाही.

तुमच्या मित्रांनी लावलेल्या पैजांचाही तुम्ही उल्लेख केला आहे, पण तो मुद्दा तर अपिलात येतच नाही. रेसनंतर जॉकींचं वजन होऊन निकाल जाहीर झाला की पैजांचे पैसे साधारणपणे त्याच निकालावर चुकते होतात, पुढे अपिलात काहीही होवो.

दुसऱ्या कोणाचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. आमची टिपणं, अंतरांची मोजणी आणि फिल्ममधल्या वेळांची नोंद तुमच्याच मालकीची आहे. कार्यालयातून कधीही घेऊन जा, त्यासाठी वेगळे पैसे लागणार नाहीत. फक्त अपिलाची मुदत फार थोडी असते, तेव्हा जायचं तर आजच जा.