दाताच्या खुणेची किंमत

घरोघरी पेपर टाकणारा आमचा मित्र गेल्या रविवारी दुसरे इंजेक्शन घेऊन थेट कट्ट्यावर आला आणि त्याने पँट वर सारून पोटरी दाखवली. दोन खोल भोके होती, भोवती जांभळी सूज आणि बीटाडिनचा तपकिरी डाग. गुरुवारी पहाटे सायकल लावून जिन्याकडे वळताना कुत्रे मागून धावून आले होते. रक्त आल्यामुळे लशीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यायला हवे होते, पण पहिल्या रुग्णालयात ते शिल्लक नव्हते. रिक्षा करून दुसरीकडे जाईपर्यंत दुपार झाली आणि त्या दिवशीचे निम्मे पेपर वाटायचे राहिले.

हा प्रकार चंदीगडला घडला असता तर वीस हजार रुपये मागता आले असते, असे आमचे वकीलसाहेब म्हणाले. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिकांवर निकाल देताना दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस तुटले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये ठरवले. ही रक्कम आधी सरकारने द्यायची आणि नंतर कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा जनावराच्या मालकाकडून वसूल करायची.

लेखा विभागातून निवृत्त झालेल्या काकांना हे मुळीच पटले नाही. पालिकेचा पैसा म्हणजे आपलीच घरपट्टी आणि रोख रक्कम दिसली की खोटे दावे येणारच, असे त्यांचे म्हणणे. खोट्या दाव्यांची काळजी त्या निकालातच घेतलेली आहे: पोलीस ठाण्यात नोंद हवी, जिल्ह्याच्या उपायुक्तांच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालील समितीने कागदपत्रे तपासायची आणि चार महिन्यांत निर्णय द्यायचा. घरपट्टीबद्दल मात्र मी काकांना स्पष्ट सांगितले की आज सगळ्या गावाच्या हलगर्जीपणाचा खर्च एकटा पेपरवाला सोसतो आहे, तो गावाने वाटून घेतला तर अन्याय कोणावर होतो? बिबट्याने माणूस मारला तर वनविभाग वारसांना भरपाई देतो. खड्ड्यात पडून मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. मग पालिकेच्याच रस्त्यावर कुत्रे चावले तर हात का झटकायचे?

रोज रात्री चौकातल्या कुत्र्यांना भात घालणाऱ्या ताईंची भीती वेगळी होती. भरपाईचा आकडा जाहीर झाला की लोक कुत्री मारायला निघतील, असे त्या कळवळून म्हणाल्या. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे पुन्हा त्याच जागी सोडायचे, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, असे प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम सांगतात, याची आठवण त्यांनीच करून दिली. शस्त्रक्रियेची खूण म्हणून कानाला खाच करतात. आमच्या चौकातल्या आठांपैकी तिघांच्याच कानाला ती आहे, हेही त्यांनीच मोजून ठेवले होते. भरपाईच्या बाजूने इतका भक्कम पुरावा आमच्यापैकी दुसऱ्या कोणाकडेही नव्हता. उरलेली पाच कुत्री म्हणजे पालिकेचे राहिलेले काम आहे, आणि त्या कामाला किंमत लागल्याशिवाय ते पुरे होईल असे मला वाटत नाही.

दात मोजण्याची पद्धत मात्र मला अपुरी वाटते. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकतो, त्यामुळे लहान मुलाच्या गालावरचा एकच दात पोटरीवरच्या पाच दातांहून अधिक घातक ठरू शकतो. जखम कुठे झाली, ज्याला कुत्रे चावले त्याचे वय काय आणि मजुरी किती दिवस बुडाली, हे सारे त्या रकमेत यायला हवे.

एवढा वेळ गप्प बसलेला मित्र शेवटी म्हणाला, "मला वीस हजार नकोत. बुडालेल्या सकाळींचे आणि रिक्षाचे पैसे मिळाले तरी पुरे." आपल्याकडे असा ठरलेला दर नाही, तरीही वकीलसाहेबांनी तिथेच पालिकेच्या नावे अर्ज लिहिला आणि सोबत केसपेपरची झेरॉक्स जोडायला सांगितले. पोलीस ठाण्यातली नोंद उद्या करायची आहे. चौथे इंजेक्शन अठ्ठाविसाव्या दिवशी आहे.