कागदी कपाचं तोंड

६०० रुपये भरून मला जपानी चहा कागदी कपात मिळाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी चिडून का बोलतोय ते कळेल.

पुण्याला जपानचं अप्रूप नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे आणि सोसायटीत दर दोन जिन्यांआड कोणीतरी जपानी शिकत असतं. तेव्हा रविवारी 'जपानी चहाविधी' म्हटल्यावर चाळीस माणसं जमली. वाडगे होते पाच. पहिल्या रांगेला वाडगे आणि उरलेल्यांना 'आतून' चहा, असा तोडगा निघाला. आतून चहा येण्यात गैर काही नाही, मोठी मंडळी जमली की जपानमध्येही तसंच करतात. पण तिथे आतूनही वाडगाच येतो.

वाडग्याचा हट्ट नुसता शोभेसाठी नसतो. माच्चा, म्हणजे या विधीतली हिरव्या चहाची पूड, हा गाळून चोथा टाकायचा चहा नव्हे, पूड पोटातच जाते. एका वाडग्याला साधारण २ ग्रॅम, म्हणजे बांबूच्या पळीने दोनदा. आधी चाळायची, नाहीतर गुठळ्या राहतात. वर ७०-८० अंशांचं ६०-७० मिली पाणी. मग चासेन, म्हणजे एकाच बांबूचं टोक बारीक चिरून केलेली घुसळणी. ती आधी कोमट पाण्यात भिजवतात, कोरडीच वापरली तर काड्या मोडतात. आणि ती रवीसारखी गरागरा फिरवायची नाही, मनगटातून झरझर पुढे-मागे न्यायची, तेव्हा कुठे वर बारीक फेस येतो. याला रुंद तळ लागतो. कपात चासेन मावेना म्हणून आत जगमध्ये घुसळून कपात ओतत होते. फेस जगमध्येच राहिला. पाणी तर किटलीतून थेट उकळतं. अशा पाण्यात कडूपणा भसकन उतरतो. पाडव्याला कडुलिंब निदान फुकट मिळतो.

माझ्या उजवीकडे एक काका होते. सत्तरीचे, पांढरेशुभ्र मोजे घातलेले. (स्वच्छ पांढरे मोजे हाही नियमच. माझे राखाडी.) सगळे गुडघे दुमडून बसलो, याला जपानीत सेइझा म्हणतात. काका म्हणाले, "वज्रासन." मग मागे वळून पाहत म्हणाले, "अंगठा बाहेर आलाय तुमचा."

सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, सांगत होत्या की वाडग्याला दर्शनी बाजू असते. यजमान ती पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुण्याने वाडगा डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा फिरवायचा आणि दर्शनी बाजू टाळून प्यायचं. कप वाटणारी मुलगी आमच्यापाशी आली तेव्हा काकांनी विचारलं, "याचं तोंड कुठलं?"

"काका, कागदी कपाला तोंड नसतं."

"असं कसं? छापलंय की."

कपावर एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती. टू बीएचके, ताबा त्वरित.

"हे तोंड," काका म्हणाले. "आता तू ठेव परत. टू बीएचके माझ्याकडे करून."

मुलीने कप उचलला, फिरवून पुन्हा ठेवला. काकांनी माझ्याकडे वळून वाकून 'ओसाकी नि' म्हटलं, म्हणजे तुमच्याआधी घेतो. कप तळव्यावर घेतला, दोनदा फिरवला. टू बीएचके आता माझ्याकडे बघत होतं. तीन घोट शांतपणे झाले आणि शेवटचा असा फुर्रर्र ओढला की पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. मला वाटलं, आता बाई रागावणार. पण शेवटचा घोट आवाज करूनच घ्यायचा असतो, चहा संपल्याची ती पोच. बाई काकांकडे बघून चक्क वाकल्या. लहानपणापासून 'फुरके मारू नकोस' ऐकलेला मी मुकाट्याने प्यायलो. माझ्याकडे कोणी वाकलं नाही.

गोडाचंही माझं चुकलंच. ते चहाआधी संपवायचं, जिभेवर गोडी असताना कडू घोट बरा लागतो. मी बिस्किटासारखं एक घास, एक घोट चालवलं होतं. जपानी मिठाईच्या जागी नारळाची वडी होती आणि खरं सांगायचं तर ती उत्तम लागली, सबंध कार्यक्रमात तेवढीच. काकांनी अर्धी खाऊन उरलेली कागदात बांधली. "नातीला." उरलेलं गोड कागदात गुंडाळून नेणं हेही रीतीला धरूनच. या माणसाला काहीच चुकवता येत नव्हतं.

त्याआधी चाळीस मिनिटं भाषणं झाली होती, तीही आम्हाला वज्रासनात ठेवून. पुढच्या रांगेतले तर वाडगा थंड होईपर्यंत फोटो काढत बसले. थंड झाला की पूड तळाशी बसते. ज्यांना वाडगा मिळाला त्यांनी तो असा वाया घालवला, हे मी विसरणार नाही.

उठायची वेळ आली तेव्हा पायांना मुंग्या. आधी चवडे टेकवून अर्धा मिनिट टाचांवर बसावं, मग उठावं. मी एकदम उठलो आणि खांब धरला. काकांनी माझा रिकामा कप उचलला, टू बीएचके बाहेरच्या बाजूला करून आपल्या कपात नीट बसवला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात फ्रेंच चीजचं आहे. त्यात काय काय फिरवायचं असतं, जरा वाचून या."