घोडा खोडील म्हणे! आधी ठाण बघा

चिकोडी, निपाणी, रायबागकडं जत्रा तोंडावर आल्या की घोडागाडीच्या शर्यतींची बोलणी सुरू होतात आणि त्यासोबत हे रडगाणं ठरलेलं: "घोडा लाकूड खातोय, अंगावर येतोय, खोडील निघाला." अहो अण्णा, खोड लावली कुणी?

घोड्याचं ठाण, म्हणजे बांधायची जागा, कसलं? आठ फुटी पत्र्याची खोली, हातभर दोर, समोर कोरी भिंत. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चालत चालत चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरतं, लाळ मात्र चघळलं तरच सुटते. आणि तुम्ही? सकाळ-संध्याकाळ घमेलंभर भिजवलेला हरभरा आणि भरडा, वर गूळ. कडबा मात्र मूठभर, का तर "पोट सुटतंय"! मग तो गव्हाणीच्या कडेत वरचे दात रोवतो, मान ताणतो आणि गुक्‌कन हवा ओढतो. त्यावर तुमचा इलाज काय, तर गळ्याला पट्टा आवळा, लाकडाला मिरची फासा. पोटातली आग तशीच. ही सवय एकदा मुरली की सहसा जात नाही, हे तरी माहीत आहे का?

चारशे किलोच्या घोड्याला रोज निदान सहा किलो सुका चारा हवाच, आठ दिला तर उत्तम, तोही चार-पाच वेळा विभागून. दाणा एका वेळी दीड किलोच्या वर नको. ऊसतोड लागली की नुसतं वाडं टाकून मोकळे होऊ नका, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं. पळवायच्या अर्धा तास आधी किलोभर सुका लसूणघास द्या. रिकाम्या पोटी पळवलं की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, उघड्या अस्तराला लागतं, व्रण पडतात. मग तंग, म्हणजे पोटाचा पट्टा, आवळताना तो चावतो, आणि तुम्ही म्हणता माज आलाय!

पावसाळ्यात चारी बाजूंनी प्लास्टिक. आत गुडघ्याएवढं वाकून वास घ्या, डोळ्यांत पाणी येईल. मुताचा अमोनिया खालीच साठतो आणि घोडा खाली तोंड घालूनच खातो. शर्यतीत दम तुटतो तो इथंच. उभ्यानं डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेला त्याला आडवंच व्हावं लागतं. आखूड दोर आणि रात्रभर जळणारा बल्ब असला तर कसा होणार?

दाराशी डावी-उजवीकडं झुलून झुलून पुढच्या पायांखाली दोन खड्डे पडलेत, तरी कुणाच्या डोक्यात येत नाही की हा एकटा पडलाय. दुसरा घोडा दिसेल अशी खिडकी पाडा, नाहीतर शेळी बांधा सोबतीला. परदेशातल्या रेसच्या तबेल्यांतही शेळी ठेवायची जुनी पद्धत आहे.

पण नाही! गाडीला नवा रंग, डीजे, फ्लेक्स, याला पैसे निघतात. ठाण बारा बाय बारा करा म्हटलं की लगेच, "जागा कुठाय हो?"