पलंगावर नापास, वहीत पहिला नंबर

इंग्रजीत चावट कविता लिहून नाव काढायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर आपल्या पराक्रमांचं बोचकं आधी माळ्यावर टाका. या धंद्यात पराक्रमाला कुत्रं विचारत नाही. सगळं सुरळीत पार पडल्याची कविता दुसऱ्या ओळीलाच संपते आणि तिसऱ्या ओळीला वाचक जांभई देतो. भांडवल लागतं ते फजितीचं, आणि तेही स्वतःच्या.

गुरू करायचा तर रॉचेस्टरचा अर्ल जॉन विल्मट. जन्म १६४७, मृत्यू १६८०. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शरीराची पार चाळण झालेली. इंग्लंडच्या राजाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातला हा माणूस. त्याची ‘इम्परफेक्ट एन्जॉयमेंट’ ही ७२ ओळींची कविता समोर उघडून बसा आणि ओळी मोजा. पहिल्याच ओळीत नायिका विवस्त्र आणि मिठीत. प्रस्तावना, चांदणं, कोकिळा यांवर त्याने एक अक्षर खर्चलेलं नाही. सोळाव्या ओळीला सगळं आटोपतं, अर्थातच नको तेव्हा आणि नको तिथे. ती हसते, पुसापुशी करते आणि विचारते, एवढंच? त्यानंतर पुन्हा उभं राहण्याचे प्रयत्न, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कवी आपल्याच अवयवाला फैलावर घेतो.

हा हिस्सा घोकून ठेवा. अवयव म्हणजे गल्लीतला दादा. रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याशी मारामारी करणार, पण राजाने किंवा देशाने हाक मारली की शेपूट घालून पळणार. कालवं विकणारीकडे, भिकारणीकडे कधी हटला नाही, आणि जिथे खरं प्रेम होतं तिथेच याने दगा दिला. मग शाप: गरमीचे चट्टे पडोत, मुतखडा होवो, लघवी तुंबो. आणि कोरिनाची, म्हणजे नायिकेची, जी भरपाई राहिली ती दुसऱ्या दहा हजारांनी करावी. प्रमाण लक्षात घ्या. पाच-पंचवीस म्हटलं असतं तर ती तक्रार झाली असती. दहा हजार म्हटल्यावर विनोद होतो.

कोरिना हे नावही उसनं. रोमचा कवी ओव्हिड, त्याने रॉचेस्टरच्या जवळजवळ सतराशे वर्षं आधी ‘अमोरेस’च्या तिसऱ्या भागातल्या सातव्या कवितेत हेच रडगाणं गायलं होतं. वर ऐटीत आठवण सांगितली होती, की एकदा कोरिनेबरोबर एका रात्रीत नऊ वेळा निभावलं होतं. तेव्हा चोरी करायची तर इतक्या जुन्या वाड्यात करा, की मालक पोलिसांत जाणार नाही.

बाई असाल तर रॉचेस्टरच्याच काळातली लेखिका आफ्रा बेन, तिचा क्लास लावा. ‘द डिसअपॉइंटमेंट’ची १४ कडवी, प्रत्येकी दहा ओळी. झाडीत लिसँडर आणि क्लोरिस. इथेही तेच घडतं, पण बेनबाई कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावतात. क्लोरिसचा हात चुकून जायचा तिथे जातो आणि लागतं काय, तर पहाटेच्या दवात भिजलेल्या फुलासारखं गार. पानांखाली साप दिसावा तसा ती हात मागे घेते आणि धूम ठोकते. लिसँडर मागे बसून तिच्याच रूपाच्या नावाने बोटं मोडतो. ज्या फ्रेंच कवितेवरून हे घेतलं, तिच्यात नायकाला पुढे फेरपरीक्षा मिळते. बेनबाईंनी एटीकेटी दिली नाही. ही कविता १६८० साली पहिल्यांदा छापली गेली ती मात्र रॉचेस्टरच्या नावावर. सवय करून घ्या.

हे मराठीत आणायचा मोह होईलच. आणून बघा. ‘शिश्न’ लिहिलंत की ओळीला दवाखान्याच्या फिनेलचा वास येतो. दुसरा शब्द लिहिलात की रिक्षास्टँडवर भांडण लागल्यासारखं वाटतं. रॉचेस्टरला हे दोन्ही आवाज एका ओळीत बसवता येतात: वर वज्र आणि ज्वाळा, खाली नाक्यावरचा शब्द. तो सांधा जमला नाही तर भाषांतर वैद्यकीय तरी होतं किंवा गलिच्छ तरी. बहुतेक वेळा वैद्यकीय.

आता छंद. सॅम्युअल बटलरने ‘ह्युडिब्रास’ या विनोदी काव्यामध्ये रुळवलेलं आठ अक्षरांचं यमकी द्विपद घ्या. त्यात जोडयमक असेल तर ते घाणेरड्या शब्दाहून जास्त हसवतं. बटलर ‘एक्लिझिअ‍ॅस्टिक’ या चर्चच्या भारदस्त शब्दाला ‘अ स्टिक’ (काठी) जुळवतो आणि पाद्रीबुवांचं व्यासपीठ दणकन खाली येतं. जोनाथन स्विफ्ट १७३२ च्या ‘द लेडीज ड्रेसिंग रूम’मध्ये पहिल्याच फटक्याला ‘लेस इन’ आणि ‘ड्रेसिंग’ जुळवतो. त्या काळी शेवटचा ‘ग’ ऐकू येत नसे, म्हणून हे यमक चोख आहे.

या कवितेत सीलिया पाच तास नटून बाहेर पडते आणि तिचा भक्त स्ट्रेफॉन तिच्या खोलीत शिरतो. मग यादी सुरू. घाम, कोंडा, पावडर आणि केस अडकलेला कंगवा. मेलेल्या लाडक्या कुत्रीच्या कातड्याचे हातमोजे. कानातल्या मळाने चिकट झालेले टॉवेल. हनुवटीवरचे केस उपटायचा चिमटा. नाकातली कीड पिळून काढायचा भिंगाचा आरसा. कोपऱ्यात एक देखणी पेटी. स्ट्रेफॉन झाकण उचलतो आणि वास सगळं सांगतो: आत शौचाचं भांडं. तरीही मुख्य क्रियापद स्विफ्ट खिशातून काढत नाही. १४४ ओळींच्या कवितेत ते येतं ११८ व्या ओळीला, सीलियाचं नाव तीनदा घेऊन. नवखे कवी हा शब्द पहिल्याच ओळीत उधळतात आणि पुढे फक्त आवाज वाढवत बसतात. फजिती इथेही पुरुषाचीच: पुढे कुठलीही बाई दिसली की स्ट्रेफॉनच्या नाकात तोच वास.

लिहून झालं की छापू नका. हाताने नकला करून कॉफीहाउसांतून फिरू द्या. मेल्यावर कोणीतरी छापेलच, रॉचेस्टरचं त्याच वर्षी छापलं: मुखपृष्ठावर गाव अँटवर्प, छपाई लंडनची, आतल्या बऱ्याच कविता भलत्यांच्याच. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने आपली प्रत इतर पुस्तकांत न मिसळता खणात ठेवली. खणात जाणं हा या प्रकारातला सर्वोच्च पुरस्कार.

खिसे मात्र नीट तपासा. असं सांगतात, की १६७३ च्या अखेरीस राजाने रॉचेस्टरकडे एक कविता मागितली आणि याने चुकून भलताच कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की महाराजांचा राजदंड आणि महाराजांचा दुसरा दंड एकाच लांबीचे आहेत, आणि जी एकाशी खेळते ती दुसराही हलवते. महाराजांची रखेल नेल ग्विन हिला महाराजांना जागं करायला किती हातघाई करावी लागते, याचाही तपशील होता. रॉचेस्टर दरबारातून पळाला. शिक्षा? १६७४ च्या फेब्रुवारीत वुडस्टॉकच्या राजउद्यानाचं रेंजरपद मिळालं.

यावरून धीर चेपू देऊ नका. खासदार जॉन विल्क्सने कवी अलेक्झांडर पोपच्या ‘एसे ऑन मॅन’चं विडंबन ‘एसे ऑन वुमन’ आपल्या खासगी छापखान्यात जेमतेम डझनभर प्रतींपुरतं छापायला घेतलं. १५ नोव्हेंबर १७६३ रोजी लॉर्ड सँडविचने ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. एका लॉर्डने कानांवर हात ठेवून थांबवायला सांगितलं. बाकीचे म्हणाले, चालू द्या. हा सँडविच विल्क्सच्याच चैनबाज मंडळातला. सरकारचं खरं दुखणं वेगळं होतं: त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या ‘नॉर्थ ब्रिटन’ साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात विल्क्सने फ्रान्सशी झालेल्या तहाची भलामण करणाऱ्या राजाच्या भाषणाची पिसं काढली होती. विल्क्स फ्रान्सला पळाला. १७६८ साली परतला तेव्हा २२ महिने कैद. तेव्हा अवयवाबद्दल हवं ते लिहा, तहाबद्दल जपून.

आणि उत्तराची तयारी ठेवा. लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यूने १७३४ साली स्विफ्टला त्याच्याच आठ अक्षरी छंदात जवाब दिला, फडावर देतात तसा. तिच्या कवितेत डीन (चर्चचे बडे अधिकारी) स्विफ्ट बेटी नावाच्या वेश्येकडे जातात, चार पौंड आधी मोजतात आणि ऐन वेळी गार पडतात. पैसे परत मागतात. बेटी देत नाही. खोलीला वास येतो, पायांना वास येतो, म्हणून आपलं जमलं नाही, असं डीनसाहेब सुनावतात. मग धमकी: तुझ्या खोलीचं असं वर्णन लिहीन, की आयरिश माणूससुद्धा इकडे फिरकणार नाही.

बेटी म्हणते, लिहा की. शौचाला कागद लागतोच.