लायसन्स आलं, पण शेजारची सीट लगेच रिकामी करू नका

लेकीचं लायसन्स आलं. पहिल्या फटक्यात पास. फोटो काढून झाले, स्टेटस ठेवून झालं आणि तासाभरात, "आई, किल्ली दे ना. एकटीच एक चक्कर मारून येते."

मी नाही म्हटलं. दोन दिवस अबोला. म्हणून ही पोस्ट.

टेस्टमध्ये बघतात ते हातापायाचं काम. रिव्हर्स जमतो का, चढावर गाडी मागे घरंगळते का. तेही फुकट येत नाही, मान्य. पहिल्या आठवड्यात क्लच सोडला की गाडी गचके खाऊन बंद, मागून हॉर्न, लेकीचे कान लाल. मग एक दिवस तिला ती जागा सापडली. क्लच अर्ध्यावर येतो, इंजिनाचा आवाज जरा जड होतो, गाडी बारीक थरथरते. तिथे पाय क्षणभर धरून ठेवायचा. त्यानंतर गाडी बंद पडली नाही. (फारशी.)

पण नजरेचं काय? नवशिक्याची नजर बॉनेटच्या जेमतेम पुढे असते. परवा रस्त्याकडेला गाड्यांची रांग उभी होती. मी विचारलं, "यातली कुठली निघणार?" "सगळ्या उभ्याच तर आहेत!" तिसऱ्या गाडीचं पुढचं चाक रस्त्याकडे वळलेलं होतं आणि आत ड्रायव्हरचं डोकं दिसत होतं. आम्ही जवळ पोचतोय तोच ती इंडिकेटर न देता बाहेर आली. लेकीनं वेळेत ब्रेक मारला, कारण आधी बोलणं झालं होतं. हे टेस्टमध्ये कोण विचारतं?

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद बघितलं की ३३ मीटर आंधळा कारभार. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागतं. लेकीला हे गणित तोंडपाठ आहे, फिजिक्समध्ये मार्कही चांगले आहेत. पाय ॲक्सिलरेटरवर असताना ते आठवेल याची खात्री मला नाही.

न्यूझीलंडनं १९८७ मध्येच लायसन्सचे टप्पे पाडले. आधी शेजारी अनुभवी माणूस, मग एकट्यानं, पण रात्री उशिरा नाही आणि मित्रमंडळी भरून तर नाहीच. कारण लायसन्स मिळाल्यावरचे पहिले काही महिनेच सगळ्यात धोक्याचे, आणि गाडीत समवयस्क पोरं असली की धोका आणखी वाढतो. जगात ५ ते २९ वयोगटात सगळ्यात जास्त जीव रस्ता अपघातांत जातात. "आम्ही नाही का आपले आपण शिकलो?" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, जे वाचले तेच हे सांगायला उरलेत.

आता माझी चूक. सुरुवातीला मी "ब्रेक! ब्रेक!" असं किंचाळायचे. एकदा तिनं घाबरून भर रस्त्यात गाडी उभी केली. दोष पूर्ण माझा. शेजारी बसायचं तर तोंड आवरायलाही शिकावं लागतं, आणि ते क्लचपेक्षा अवघड आहे.

शेवटी तह झाला. तीन महिने मी शेजारी. ओरडायचं नाही, हँडब्रेकला हात लावायचा नाही. काल तीच म्हणाली, "आई, ती पांढरी निघणार बघ," आणि वेग कमी केला.

पांढरी निघालीच नाही. आतला माणूस नुसता फोनवर बोलत बसला होता. लेक जाम वैतागली, मी मात्र खिडकीबाहेर बघून हसत होते.