लंकेत जाऊन काही न बघता परत यायचं कसं

पहिली गोष्ट, माणसं पंधराच्या खाली नकोत. दोघं-चौघंच गेलात तर बोलून बोलून बोलणार किती? मग नजर आपोआप झाडांकडं जाते आणि सहल हाताबाहेर जायला तिथूनच सुरुवात होते. तेव्हा तालमीतली चार कुटुंबं, एक दाजी, दाजींचे व्याही आणि गुडघ्यामुळं रंकाळ्याची एक फेरीसुद्धा न झेपणाऱ्या एक आक्का, एवढा गोतावळा पाहिजेच. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव सांगायला नको. 'लंकादहन' सोडून दुसरं नाव आजवर कुणाला सुचलेलं नाही.

तारखा ठरवताना मात्र थोडा अभ्यास लागतो. श्रीलंका आहे केवढी, तर महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी. पण पाऊस तिथं दोन वेळा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून येऊन दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगर भिजवतो, डिसेंबरपासून ईशान्येकडून येऊन दुसरी बाजू धरतो. म्हणजे वर्षात कधीही गेलात तरी बेटाचा एखादा कोपरा कोरडा असतोच. तो कोपरा टाळायचा. दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसा गावाच्या समुद्रात देवमासे डिसेंबर ते एप्रिल चांगले दिसतात; तुम्ही जूनमध्ये जा. 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग बहुतेक वर्षी कोरड्या दिवसांत, सप्टेंबरच्या सुमाराला, बंद ठेवतात, सप्टेंबर गाठा. हे जमत नसेल तर दिवाळीची सुट्टी उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडणारा मधला पाऊस कुठलीच बाजू बघत नाही, सगळ्यांना सारखा न्याय देतो.

सामानात कांदा-लसूण चटणी, पापड आणि भडंग. भडंग भरपूर घ्या आणि कडक प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या. त्याचा उपयोग पुढं येईल. टी-शर्ट सगळ्यांचे एकसारखे, पोपटी, पाठीवर 'नाद खुळा'. दुर्बीण नेऊ नका. दुर्बीण डोळ्याला लावली की माणूस गप्प होतो, हा तिचा मोठा दोष आहे.

आता 'याला'चं बघू. हे उद्यान ९७९ चौरस किलोमीटरचं आहे म्हणतात, पण तुम्ही एवढ्यात पडू नका. त्यातला 'ब्लॉक वन' म्हणून जो भाग आहे तो जेमतेम १४१ चौरस किलोमीटर, आणि बहुतेक जीपगाड्या तिथंच घुसतात. जिथं गर्दी तिथं आपण, हा महाद्वार रोडचा नियम इथंही लागू. बिबट्यांची इतकी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी असेल. लंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळं बिबट्याला वरचा कोणी नाहीच. तो भर दिवसा उघड्या खडकावर ताणून देतो. असा निर्धास्त प्राणी न बघता परत येणं सोपं नाही. त्याला सगळ्यांनी मिळून कष्ट घ्यावे लागतात.

दरवाजा सकाळी सहाला उघडतो. तुम्ही नाष्टा करून आठला निघा. ड्रायव्हरला आधीच दमात घ्या, "बिबट्या दाखवला तरच टिप." मग तो बिचारा मोर, मगर, रानडुक्कर, रंगीत करकोचे यातल्या कशापाशीही थांबणार नाही. फोन वाजला की सुसाट सुटेल, आणि तुम्ही धुरळ्यात वीस-पंचवीस जीपच्या रांगेत जाऊन उभे राहाल.

तिथं काय असतं ते सांगून ठेवतो, नाहीतर ओळखू यायचं नाही. लांबवर हत्तीच्या पाठीसारखा एक गोल खडक असतो. त्याच्या वरच्या कडेवरून एक शेपूट खाली लोंबत असते, टोकाला किंचित वर वळलेली, आणि वळणाच्या आतल्या बाजूला पांढरी. बराच वेळ काही होत नाही. मग ते टोक तेवढं एकदा डावीकडून उजवीकडं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. बाकीचा बिबट्या खडकापलीकडं आहे आणि थोडं थांबलं तर तो उठून कूस बदलणार आहे. हीच वेळ. लगेच सुरू करा.

"कुठाय?"

"त्यो काय, झाडाजवळ."

"कुठल्या झाडाजवळ?"

"आवो, त्या हिरव्या."

इथं आक्कांना उभं करा, पोरांना टपावर चढवा, भडंगाची पिशवी फोडा. व्याही म्हणतील, "ह्याच्यापेक्षा आमच्या उसातला मोठा हुता." म्हणू द्यात, त्यांचा मान आहे. बिबट्या उठेल, पलीकडच्या बाजूनं उतरेल. तुम्ही खडकाचा फोटो काढून स्टेटसला टाका आणि खाली लिहा, 'इथेच होता'.

उत्तरेकडं विल्पत्तू नावाचं लंकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. बिबटे तिथंही आहेत, अस्वलं आहेत, रानात पावसाच्या पाण्यानं भरणारी नैसर्गिक तळी आहेत, आणि गर्दी कमी. जाऊ नका. 'कुठाय?' विचारायला शेजारी दुसरी जीपच नसते.

हत्ती हा विषय आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सध्या जरा नाजूक आहे, म्हणून जपून लिहितो. मिन्नेरिया हा महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी मागं सरकतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या रानातले हत्ती ते खायला कळपाकळपानं उतरतात. चांगल्या वर्षी दोनशे-तीनशेसुद्धा. म्हणजे सगळा खेळ पाण्याच्या पातळीचा. अलीकडं मोरगहकंद धरणाचं पाणी सोडलं की तलाव भरलेलाच राहतो, गवत बुडतं आणि हत्ती दुसरीकडं वाट काढतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. आता बघा, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा, ४३ फुटांला धोका, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे जुलैत झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगणारा कोल्हापूरकर मिन्नेरियाला पाण्याची चौकशी न करता जातो. तुम्हीही तसंच जा. परंपरा मोडू नका.

एवढं करूनही एखादी हत्तीण समोर आलीच तर घाबरू नका. ती पुढच्या पायाच्या नखानं गवताचा झुबका उकरते, सोंडेनं उचलते, गुडघ्यावर दोनदा आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. पोटाखालचं पिल्लू तसंच करायला जातं. त्याची सोंड वळते भलतीकडं, आणि गवत पडतं डोक्यावर. तुम्ही फक्त एवढंच विचारा, "सुळे कुठायत ह्यांचे?" लंकेतल्या नरांतही सुळेवाले फार थोडे, हे कुणी सांगायला लागलं तर पैसे वाया गेले असं तोंड करा. सुळेवाला टस्कर आजऱ्या-चंदगडात फुकट येतो, तुमच्याच पाहुण्यांच्या उसात शिरतो. पण त्या वेळी आपण वन खात्याला शिव्या देण्यात गुंतलेलो असतो, त्यामुळं नीट बघणं होत नाही.

अनाथ पिल्लं बघायची तर उडवलवेला १९९५ पासून एक केंद्र आहे. तिथं पिल्लांना दूध पाजतात ते लांबून बघायचं, हात लावायचा नाही. कारण मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा रानात सोडतात आणि माणसाची सवय लागलेली चालत नाही. हात लावता येत नसेल तर हत्तीचा उपयोग काय? तेव्हा जिथं बाटली हातात देतात, पाठीवर बसवतात आणि कासवाचं पिल्लू तळहातावर ठेवून फोटो काढू देतात, अशीच ठिकाणं हुडका. ती आपोआप सापडतात, बोर्डच मोठे असतात.

मिरिसाला बोट पहाटे निघते. आदल्या रात्री तिखटजाळ जेवा. निळा देवमासा हा पृथ्वीवर आजवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी. दोन लालपऱ्या एकामागं एक उभ्या केल्या तर साधारण तेवढा. लंकेच्या दक्षिण टोकाला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, तिथं त्याचं खाणं असतं, म्हणून तो माणसाच्या इतक्या जवळ येतो. त्याच पट्ट्यातून मोठमोठी मालवाहू जहाजं जातात आणि देवमासे त्यांना धडकून मरतात. पण हे असलं बोटीवर काढू नका, लोकांचा मूड जातो. मासा वर येतो, फुर्रकन फवारा उडवतो, पाठ दाखवतो, ती संपता संपत नाही, शेवटी शेपूट उचलतो आणि दहा-बारा मिनिटं गायब. या दहा-बारा मिनिटांत ग्रुपमधली निम्मी माणसं कठड्यावर ओणवी झालेली असतात. उरलेल्यांनी नावाड्याला ओरडून सांगायचं, "अजून जवळ घे की राव!" अंतर ठेवायचा नियम आहे, पण नियम मासा बघायला आलेल्यांसाठी. तुम्ही रील काढायला आलाय.

हॉर्टन प्लेन्सला फार वेळ घालवू नका. एकवीसशे मीटरवरचं माळरान, सांबरं, आणि 'वर्ल्ड्स एंड' नावाचा आठशे मीटरहून खोल कडा. दहाच्या सुमाराला धुकं चढतं आणि कडा झाकतो. साडेदहाला पोचलात तर पांढऱ्याफेक भिंतीसमोर उभं राहून "पन्हाळ्यावर ह्यापेक्षा भारी असतंय" असं म्हणता येतं. दारात बॅगा तपासून प्लॅस्टिक काढून घेतात. भडंगाचा तेवढा बंदोबस्त बघा.

सिंहराजा मात्र धोकादायक आहे. हे पावसाळी जंगल १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या निम्म्याहून जास्त वृक्षजाती लंकेबाहेर सापडत नाहीत, आणि जीप आत जात नाही. चालावं लागतं. जळवा लागतात. बराच वेळ एक पाखरू दिसत नाही, आणि मग एकदम झाड भरून जातं. नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत खालच्या फांद्या धुंडाळतात, त्यांनी उठवलेले किडे वरचा कोतवाल उडता उडता टिपतो, मागून लालतोंड्या मालकोहा येतो, निळे, लांब शेपटीवाले पक्षी येतात. एवढ्या जातींचे पक्षी एकत्र चारा शोधत पुढं सरकतात आणि पाच मिनिटांत रान पुन्हा रिकामं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर लंकेत यासारखं दुसरं काही नाही. म्हणूनच सांगतो, त्या पाच मिनिटांत पायातून जळू काढा. एकाची जळू सगळ्यांनी मिळून काढा. मीठ कुणाकडं आहे, तंबाखू कुणाकडं आहे, यावर चर्चा करा.

मधले रिकामे दिवस रामायणाला द्या. नुवरा एलियाजवळ सीतेचं देऊळ आहे, एल्लाला रावणाच्या नावाचा धबधबा आहे. तिथं गाइड सांगेल ते सगळं खरं माना. गाइड खारीचं सांगतो तेव्हा समोरच्या फांदीवर खरीखुरी मोठी शेकरू बसलेली असते. तिच्याकडं बघून त्याचा रसभंग करू नका.

जेवणाचं म्हणाल तर पोल संबोल नावाची चटणी मिळते. ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि वाळवलेल्या माशाचा चुरा. ती आपल्याला आवडते. पण आवडली असं म्हणायचं नाही. "तांबड्या-पांढऱ्याची सर नाही," एवढं बोलून तिसऱ्यांदा वाढून घ्या.

शेवटी एक इशारा. प्रत्येक ग्रुपात एक असा माणूस निघतो. पोपटी टी-शर्ट घालत नाही, मातकट शर्ट घालतो. ड्रायव्हरला म्हणतो, "इंजिन बंद करा जरा." सगळ्यांनी खडकाकडं बघायचं ठरलेलं असताना हा उलट्या दिशेला बघतो, आणि त्याला तिकडं खिरणीच्या झाडाखाली अस्वल दिसतं. जून-जुलैत यालामध्ये खिरण्या पिकतात. अस्वल पडलेली फळं खातं, मग झाडावर चढून खातं, आणि पोट फुगेपर्यंत त्याला जीपचं भान नसतं. हा माणूस ते पाऊण तास बघतो आणि कुणाला सांगत नाही. सांगतो कधी, तर परत आल्यावर, कट्ट्यावर, दूध पिताना. आणि नुसतं अस्वलाचं सांगून थांबत नाही. म्हणतो, जीवशास्त्रवाले सह्याद्री आणि लंका मिळून एकच समृद्ध पट्टा धरतात. म्हणतो, गवा लंकेतसुद्धा होता, तिथला शेवटचा गवा केव्हाच संपला, आपल्या दाजीपुरात मात्र कळपानं आहे. म्हणतो, राधानगरी अभयारण्य १९५८ चं, महाराष्ट्रातलं पहिलं, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारशात आहे, तुमच्यापैकी किती जण गेलाय? सगळे ग्लासात बघायला लागतात. दाजी तर तिथं दर वर्षी जातात, पण ते पार्टीला.

असा माणूस यादीत दिसला की त्याचं बुकिंग वेळेत रद्द करा. त्याचा ॲडव्हान्स परत मिळत नाही. तो सगळ्यांत वाटून घ्या आणि भडंग वाढवा.