पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर आला. त्यांपैकी एक गट आमच्या सोसायटीचा आहे, जिथे एरवी पाण्याच्या टाकीखेरीज कशाचीही चर्चा होत नाही. मजकुराचा आशय असा : एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेली मिश्र लढत) हा विशीतल्या रगेचा खेळ आहे; अंगात ताकद असेल तर सहा महिन्यांचे शिक्षण पुरते; तिशी उलटलेल्याने वर्ग लावणे म्हणजे फी आणि गुडघे दोन्ही घालवणे; आणि काळा पट्टा मिळाला की शिकण्यासारखे काही उरत नाही. मी चौतिसाव्या वर्षी परळमधल्या एका वर्गात नाव घातले आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षीही तिथेच जातो, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

पहिला दावा ताकदीचा आहे, आणि या खेळाच्या पहिल्याच मोठ्या रात्री तो खोटा ठरला होता. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते. आठ जणांच्या त्या स्पर्धेत एकाच रात्री तीन लढती जिंकल्या त्या सुमारे ८० किलो वजनाच्या, अंगाने सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसीने. एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरलेल्या आर्ट जिमर्सन या मुष्टियोद्ध्याने तर ग्रेसीच्या खाली सापडल्यावर फारसा मार न खाताच हार मानली. त्या रात्री रग सगळ्यांकडेच होती. घरात लहानपणापासून गिरवलेली जमिनीवरची विद्या, म्हणजे जुजित्सू, एकट्या ग्रेसीकडे होती.

सहा महिन्यांचा दावा मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण तो करणाऱ्याला या खेळातली खरी अडचणच समजलेली नाही. येथे नवे डाव शिकावे लागतात हे तर झालेच, पण त्याहून अवघड म्हणजे जुन्या सवयी मोडाव्या लागतात, कारण एका विद्येत जी सवय तारते तीच दुसरीत बुडवते. पुढच्या पायावर भार टाकून ठोसा मारणाऱ्याला तो पाय लाथेपासून वेळेत उचलता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये यूएफसीच्या लढतीत डस्टिन पोरिएने कॉनर मॅकग्रेगर या ठोशांवर भिस्त असलेल्या लढवय्याच्या पोटरीवर लाथा मारून त्याला आधी लंगडा केला आणि मग ठोशांनी पाडले, ते याच कारणाने.

ज्यांचे बालपण लालबाग-परळच्या तालमींच्या आसपास गेले आहे त्यांना याहून जवळचे उदाहरण देता येईल. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून कोणी पट काढून खाली घेतले की पैलवान क्षणात पालथा होतो. ते त्याच्या हाडात मुरलेले असते. मिश्र लढतीत मात्र पालथे होणे म्हणजे पाठ देणे. वरचा माणूस दोन्ही पाय तुमच्या मांड्यांत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते.

आमच्या वर्गात साठी ओलांडलेले एक वस्ताद नातवाला सोडायला येत आणि भिंतीला टेकून बघत बसत. जुलैतल्या एका संध्याकाळी, दमट हवेमुळे दर अर्ध्या तासाने मॅट पुसावी लागत असताना, ते चपला काढून आत आले आणि सरांना म्हणाले, ‘‘पाठ टेकूनही माणूस हरत नाही म्हणता, तर मला जरा दाखवा.’’ सर म्हणाले, ‘‘आबा, तुम्ही नुसते उताणे पडा.’’ आबा उताणे पडले, पण सरांनी छातीवर भार टाकताच झटकन पालथे झाले. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच, आणि दर वेळी सरांचा हात दाब न देता अलगद त्यांच्या गळ्याखाली जाऊन थांबत होता. दहा-बारा वेळा असे झाल्यावर ते एकदाचे उताणे राहिले, त्यांचे पाय सरांच्या कमरेभोवती आवळले गेले आणि वरच्या माणसाला पुढे सरकता येईना. ‘‘आयला,’’ एवढेच ते बोलले. सहा महिन्यांत सगळे येते का, हे त्यांनाच विचारावे. गेली तीन वर्षे ते दर गुरुवारी येतात, आणि दमले की अजूनही पालथे होतात.

वयाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. डोक्यावर वारंवार बसणारा मार कोणत्याही वयात वाईटच आणि वयाबरोबर शरीर सावरायला वेळ लागतो; चाळिशीनंतर मी जोराचे स्पारिंग (सरावाची लढत) बंद केले, आणि जिना उतरताना उजवा गुडघा आजही हजेरी लावतो. परंतु ‘लढू नये’ आणि ‘शिकू नये’ यांतला फरकच मजकूर लिहिणाऱ्याने केलेला नाही. लढण्यापुरते बोलायचे तरी रँडी कूटूर तेहेतिसाव्या वर्षी पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि मार्च २००७ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला. ग्लोव्हर टेशेरा ऑक्टोबर २०२१ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विजेता झाला, तोही प्रतिस्पर्ध्याची पाठ मिळवून गळा आवळून. कूटूर आधीपासूनच कुस्तीगीर होता असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे, पण मग सहा महिन्यांचे काय झाले? आणि ज्याला आखाड्याचा गंधही नव्हता असा माणूस हवा असेल, तर खानसामा आणि लेखक अँथनी बोर्डेन पन्नाशी बरीच उलटल्यावर जुजित्सू शिकू लागला आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत, एकोणसाठाव्या वर्षी, आपल्या वयोगटात सुवर्णपदक घेऊन आला.

मजकुराच्या तळाशी ‘हा खेळ आपला नव्हेच’ अशीही एक ओळ आहे. एमएमएच्या सुपर फाइट लीगची पहिली स्पर्धा २०१२ मध्ये आपल्या अंधेरीतच झाली आणि जून २०२४ मध्ये वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, एवढे त्यावर पुरे.

राहिला काळा पट्टा. मुळात एमएमएला पट्टाच नाही. तो ज्युदोचा, कराटेचा किंवा जुजित्सूचा असतो. जुजित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार काळा पट्टा एकोणिसाव्या वर्षाच्या आत मिळत नाही, आणि त्यापुढे एकेक श्रेणी चढत लाल पट्ट्यापर्यंत पोहोचायला किमान ४८ वर्षे लागतात. म्हणजे सगळे वेळेवर झाले तरी वय ६७. शिवाय खेळ कोणासाठी थांबत नाही. ज्या विद्येने ग्रेसीने १९९३ मध्ये सगळ्यांना चकित केले ती पुढे सगळ्यांनीच शिकून घेतली, आणि मे २००६ मध्ये मॅट ह्यूज या मूळच्या कुस्तीगिराने त्याच ग्रेसीची पाठ मिळवून त्याला पहिल्याच फेरीत हरवले. कोपर वरून सरळ खाली मारण्यास वर्षानुवर्षे मनाई होती, ती यूएफसीच्या लढतींत नोव्हेंबर २०२४ पासून उठली. त्यामुळे जमिनीवर खाली असताना डोके कुठे ठेवायचे, हे कसलेल्या लढवय्यांनाही नव्याने बसवावे लागले.

आमच्या सरांकडे जुजित्सूचा काळा पट्टा आहे. मंगळवारी मुष्टियुद्धाचे प्रशिक्षक येतात तेव्हा सर पट्टा बॅगेत ठेवून नव्या पोरांच्या रांगेत शेवटी उभे राहतात. डावी टाच उचलत नाहीत म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना तीनदा ओरडा बसला.